ओढ्याकाठी बाकडी बसवण्याआधी त्याची नाडी कोण बघणार?

ओढेकर (धागालेखक) | ५ जानेवारी, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून एक ओढा जातो. पुण्यात बावधनच्या टेकडीवरून निघतो, आमच्या पाठीमागून वळसा घेतो आणि पुढे रामनदीला मिळतो. महापालिकेच्या कागदांत तो 'नाला' आहे आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'मागचा वास'. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवर मात्र ती एक बारीक काळी रेघ आहे. या नकाशांत बारमाही पाणी निळ्या रंगात दाखवतात आणि पावसाळ्यापुरते वाहणारे ओढे काळ्या. म्हणजे नकाशा काढणाऱ्याच्या लेखी हा ओढा दिवाळीनंतर कोरडा पडायचा.

आज तो मे महिन्यात खळखळ वाहतो. लोक म्हणतात, वा, बारमाही झाला! माझं म्हणणं, मे महिन्यात वाहायला लागलेला पुण्यातला ओढा हा आजारी ओढा. टेकडी वाढलेली नाही, झरे वाढलेले नाहीत, मग ते पाणी आलं कुठून?

आता मुद्द्यावर येतो. एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून या ओढ्याचं 'पुनरुज्जीवन' करायचं घाटतंय. यादी आली आहे: बारा बाकडी, पेव्हर ब्लॉकचा वॉकिंग ट्रॅक, भिंतीवर खंड्या आणि बगळ्यांची चित्रं, बांबूची लागवड आणि पाण्यावर तरंगत्या वाफ्यांचे दोन तराफे. सगळं ३१ मार्चच्या आत. (खंड्या भिंतीवरच राहणार, कारण त्याला खायला पाण्यात काही नाही.) यादीत ओढ्याला काय झालंय ते शोधण्याची एकही ओळ नाही. पेशंटला न तपासता त्याच्या खोलीला रंग द्यायचा, तसं काहीसं.

आम्ही चार जण गेलं वर्षभर दर दुसऱ्या रविवारी सहा ठिकाणी मोजमाप करतोय. साधनं गरिबाचीच: ऑक्सिजन मोजायचं रसायनांचं किट, आरओवाला खिशात घेऊन फिरतो ते टीडीएसचं (पाण्यात विरघळलेले क्षार वगैरे मोजायचं) पेन, थर्मामीटर, मेजर टेप आणि संत्रं. संत्रं प्रवाहाचा वेग मोजायला. दहा मीटर अंतर आखायचं, संत्रं सोडायचं, घड्याळ लावायचं. ते अर्धं बुडून वाहतं, वाऱ्याने ढकललं जात नाही आणि लांबून दिसतं. आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणायचं, कारण तळाशी पाणी हळू असतं, मग रुंदी आणि सरासरी खोलीने गुणलं की प्रवाह आला. शेवटी संत्रं खायचं नाही, हे आमच्यातल्या एकाला दोनदा सांगावं लागलं.

वर्षभरात माझा सगळ्यात मोठा गैरसमज वेळेबद्दलचा निघाला. पहिले तीन महिने आम्ही दुपारी तीनला जायचो, कारण रविवार. ऑक्सिजन इतका छान यायचा की किट खराब आहे असं वाटलं. २५ अंशाला पाण्यात साधारण ८ मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन मावतो, आमचं माप त्याच्याही वर. मग एका मित्राने पहाटे साडेपाचला जायला लावलं. त्याच जागी ऑक्सिजन जवळपास संपलेला. कारण अगदी साधं आहे. सांडपाण्यातल्या खतावर हिरवं शेवाळ माजतं. ते दिवसभर उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री सगळ्यांबरोबर तोच ओढून घेतं. रात्रभर ताप चढलेल्या पेशंटला डॉक्टरने सकाळी अकराला बघावं आणि 'ठणठणीत आहे' म्हणावं, तसं आमचं चाललं होतं.

आमच्या सहा जागांपैकी सगळ्यात वरची, टेकडीलगतची, बरी आहे. तिसऱ्या आणि चौथ्या जागेच्या मध्ये टीडीएस जवळजवळ दुप्पट होतो. वरच्या अंगाला एक वस्ती आहे, तिथलं मैलापाणी हेच मूळ, असा माझा अंदाज.

दोन प्रश्न. आणखी काय मोजावं? आणि कंपनीला 'आधी तपासणी, मग बाकडी' हे कसं पटवावं?

---

कृष्णाकाठची | ५ जानेवारी, रात्री ११.२०

वाचतेय. संत्र्याऐवजी लिंबू चालेल का? आमच्या कराडात संत्री महाग.

---

ओढेकर | ५ जानेवारी, रात्री ११.३१

चालतं, पण हिरव्या पाण्यात हिरवं लिंबू शोधत बसावं लागतं. पिकलेलं घ्या.

---

अभ्रक | ६ जानेवारी, सकाळी ९.०५

पाण्याच्या लॅबमध्ये सतरा वर्षं घालवली आहेत, म्हणून थोडं बोलते.

पहाटे जाण्याबद्दल शंभर टक्के सहमत. माझ्याकडे येणारे बहुतेक नमुने सकाळी अकरा ते दुपारी दोनमध्ये भरलेले असतात, कारण ड्रायव्हरची ड्यूटी दहाला सुरू होते. देशातल्या किती नद्या 'बऱ्या' आहेत हे ड्रायव्हरच्या ड्यूटीवर ठरतं, असं आम्ही गमतीने म्हणतो.

तुमच्या किटमध्ये दोन बाटल्या असतील, मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड. दोन्ही थेंब पडल्यावर साका कोणत्या रंगाचा येतो ते आधी बघा, आकडा नंतर. तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, जितका गडद तितका जास्त. पांढरा राहिला तर शून्य, पुढची कृती करायची गरजच नाही. हा पांढरा साका फोटोत छान येतो. तुमच्या कंपनीवाल्यांना आकड्यांपेक्षा तो जास्त कळेल.

बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप) करून घेणार असाल तर लॅबला विचारा की तीन दिवसांची का पाच दिवसांची. आपल्याकडे २७ अंशाला तीन दिवस ठेवतात, परदेशी पुस्तकांत २० अंशाला पाच दिवस असतं. लोक या दोन्हींची तुलना करून भांडतात. नमुना बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या बाटलीतला बीओडी वाहून... म्हणजे खाऊन जातो, आणि आकडा उगाच चांगला येतो. आंघोळीयोग्य पाण्याचा निकष बीओडी ३ किंवा कमी आणि ऑक्सिजन ५ किंवा जास्त असा आहे, तो फक्त डोळ्यांसमोर असू द्या. शहरातल्या ओढ्याला त्याच्याशी ताडून रडण्यात अर्थ नाही. वरच्या जागेशी खालची ताडा, गेल्या जानेवारीशी हा जानेवारी ताडा.

आणखी काय मोजावं म्हणाल तर अमोनिया आणि नायट्रेट. दोन्ही पट्टीवर होतात. अमोनिया जास्त आणि नायट्रेट नाही, म्हणजे मैला ताजा आहे, नळी जवळच आहे. नायट्रेट वाढलंय पण अमोनिया नाही, म्हणजे पाणी लांबून आलंय किंवा कुठेतरी प्रक्रिया होऊन आलंय. वासावरून भांडण्यापेक्षा हे बरं.

आणि ती मैल्यातले जंतू असले की काळी पडणारी एच-टू-एसची बाटली कोणी सुचवली तर नाल्याला लावू नका. ती आपल्याच देशात, १९८२ मध्ये, पिण्याच्या पाण्यासाठी शोधली गेली. विहिरीला, टेकडीवरच्या झऱ्याला लावा. नाल्यावर ती काळीच पडणार, त्यातून नवीन काही कळत नाही.

---

पाषाणकर७२ | ६ जानेवारी, सकाळी ११.४०

धागा वाचून बरं वाटलं. माझं लहानपण सुतारवाडीतलं. रामनदी तेव्हा 'राम्नदी' अशी एका शब्दात म्हणायचो. खाटपेवाडीपासून येते, भुकूम, भूगाव, बावधन करत पाषाण तलावात उतरते, पुढे सोमेश्वराच्या देवळाखालून बाणेर-औंधकडे जाऊन मुळेला मिळते. सोमेश्वरच्या वळणावर आम्ही पंचाने मासे धरायचो. मळे मासे. दगडाला चिकटून बसायचे. उन्हाळ्यात नदी तुटायची, डोह तेवढे राहायचे, आणि सगळे मासे त्या डोहांत. कोणालाही त्यात वाईट वाटत नव्हतं. नदी उन्हाळ्यात झोपते, असं आजी म्हणायची.

वस्तीबद्दल मात्र तुझं बरोबर आहे बाळा. ती झाल्यापासूनच सगळं बिघडलं.

---

वेदवती | ६ जानेवारी, दुपारी १.१५

काका आणि ओढेकर, दोघांना विचारते. वस्तीत किती घरं आहेत आणि तुमच्या सोसायटीत किती फ्लॅट? वस्तीत माणशी पाणी किती येतं आणि तुमच्याकडे किती? मी सहा वर्षं वस्त्यांमध्ये काम केलंय. जिथे पाणी दिवसाआड तासभर येतं तिथून ओढा 'खळखळ' वाहील एवढं पाणी निघत नाही हो. घाण निघते, नाकारत नाही. पण मे महिन्यातला खळखळाट भरपूर पाणी वापरणाऱ्यांचा असतो.

दुसरं, फेस येतो का? सकाळी येतो का?

---

ओढेकर | ६ जानेवारी, दुपारी २.०२

येतो. चौथ्या जागेवर. सकाळी नऊ ते अकरा.

...हं.

---

घाटावरचा_मासा | ६ जानेवारी, रात्री ९.३०

काकांच्या 'मळ्यां'वरून राहवलं नाही. दगडाला चिकटणारा तो मासा शास्त्रातही 'गारा मुल्या' म्हणूनच ओळखला जातो. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं लिहिली आणि कोळ्यांच्या तोंडची मराठी नावंच शास्त्रीय नावांत घेतली. मुल्या, कोळस, खुद्री, सगळे तिथलेच. टॉर खुद्री, म्हणजे आपला दख्खनी महसीर, त्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून वर्णिला. आज त्या पाण्यात चिलापी आणि डासांसाठी सोडलेले गप्पी. म्हणून कोणी विचारलं की 'निरोगी म्हणजे नेमकं कशासारखं व्हायचं', तर उत्तर कागदावर आहे, आणि ते पावणेदोनशेहून जास्त वर्षांपूर्वीचं आहे.

ओढेकर, तुम्ही पाणी मोजताय, पण पाणी तर निघून जातं. तुमच्या बाटलीत आली ती त्या मिनिटाची गोष्ट. गेल्या सहा महिन्यांची गोष्ट दगडाखाली बसलेली असते. किडे बघा.

पायपुसण्याएवढा जाळीचा तुकडा दोन काठ्यांना बांधा, प्रवाहात आडवा धरा आणि त्याच्या वरच्या अंगाला पायाने तीन मिनिटं गोटे चाळवा. जे जाळीत येईल ते पांढऱ्या ताटात ओता. लालभडक दोऱ्यासारख्या वळवळणाऱ्या अळ्या मिळाल्या तर त्या कायरोनोमिड डासमाश्यांच्या. लाल असतात कारण त्यांच्यात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे त्या ऑक्सिजन नसलेल्या गाळातही तगतात. शेपटीसारखी लांब नळी वर काढून श्वास घेणारी अळी म्हणजे त्याहून वाईट. याउलट तीन शेपट्यांची चपटी मे-माशीची पिल्लं, किंवा खडे आणि काटक्या जोडून स्वतःला घर बांधणारी कॅडिसची अळी मिळाली तर तिथेच बसून एक संत्रं खरंच खा.

ब्रिटनमध्ये यासाठी किड्यांच्या कुटुंबागणिक गुण द्यायची पद्धत निघाली, १ ते १०. गाळातल्या गांडूळवर्गीयांना १, लाल अळ्यांना २, वाहत्या पाण्यातल्या काही मे-माशांना १०. बेरीज करायची, मग सरासरी काढायची. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही त्याचं भारतीय रूप वापरलं आहे. शाळेतली मुलं दोन रविवारांत शिकतात. प्रयोगशाळा लागत नाही आणि रात्री दोनला सोडलेला टँकर दुपारी तीनच्या किड्यांत दिसतो.

तुमची सगळ्यात वरची जागा बरी आहे म्हणालात ना? तिथे कॅडिस आहे का बघाच. असेल तर ती जागा सोन्यासारखी जपा. खालचा ओढा सुधारला तर बी तिथूनच खाली येणार आहे.

---

विघ्नसंतोषी_वसंत | ७ जानेवारी, सकाळी ८.१०

किडे मोजा, संत्री सोडा. तोवर अहमदाबादकरांनी साबरमती चकाचक करून दाखवली. आपण पुणेरी फक्त धागे काढतो.

---

ओढेकर | ७ जानेवारी, सकाळी ८.२५

वसंतराव, साबरमतीच्या त्या पट्ट्यात दिसतं ते पाणी नर्मदेच्या कालव्याचं आहे. सोलच्या प्रसिद्ध चंग्येचन ओढ्यातही २००५ पासून रोज सुमारे १,२०,००० टन पाणी पंपाने सोडतात. सुंदर आहे, मी नाकारत नाही. आमच्याकडे नर्मदा नाही, टँकर आहे.

---

पावसातला_बंड्या | ७ जानेवारी, दुपारी १२.४० (सिअ‍ॅटलमध्ये रात्रीचे ११.१०)

मूळचा सांगलीचा, चौदा वर्षं सिअ‍ॅटलला. इथली एक गोष्ट तुमच्या प्रश्नाला नेमकी लागू पडते, म्हणून झोप बाजूला ठेवून लिहितोय.

इथे शहरातल्या ओढ्यांमध्ये कोहो नावाचा सामन मासा समुद्रातून अंडी घालायला वर येतो. १९९० च्या दशकात लोकांनी मेहनतीने हे ओढे दुरुस्त केले. लाकडाचे ओंडके टाकले, झाडं लावली, माशांच्या वाटेतले अडथळे काढले. म्हणजे तुमच्या बाकड्यांपेक्षा कितीतरी शहाणपणाचं काम. मासे परतही आले. आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पोटात अंडी तशीच असताना पटापट मरायला लागले. काही ओढ्यांत येणाऱ्या माद्यांपैकी ४० ते ९० टक्के. पाण्याचे नेहमीचे आकडे तपासले: ऑक्सिजन ठीक, तापमान ठीक, नेहमीची कीटकनाशकं नाहीत, रोग नाही.

उत्तर सापडायला वीसेक वर्षं लागली. डिसेंबर २०२० मध्ये शोधनिबंध आला: टायर. रबर तडकू नये म्हणून टायरमध्ये ६-पीपीडी नावाचं रसायन घालतात. त्याचा हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन जे तयार होतं ते टायरच्या झिजेबरोबर रस्त्यावर पडून राहतं आणि पहिल्या पावसात वाहून ओढ्यात येतं. कोहो काही तासांत मरतो. त्याच पाण्यात त्याचा चुलतभाऊ चम मात्र जगतो. म्हणजे दुखणं ओढ्यात नव्हतंच, रस्त्यावर होतं. ओढ्याच्या काठावर कितीही वर्षं काम केलं असतं तरी सापडलं नसतं.

आणि उपाय? रस्त्यावरचं तेच पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून झिरपवून सोडलं तर मासे जगले. म्हणून आता इथे रस्त्याकडेला खोलगट वाफे करतात. पैसा ओढ्यापासून दूर, रस्त्यावर खर्च होतोय, कारण मोजल्यावर तिकडे बोट दाखवलं गेलं.

घाटावरच्या माशाचं 'बी वरून येतं' हेही अगदी खरं. इथल्या थॉर्नटन क्रीकचा तळ खणून त्यात गोटे-वाळूचा जाड थर भरला, म्हणजे पाणी तळाखालूनही वाहील. पण वरचा भागही शहरातलाच, किडे येणार कुठून? तर लोकांनी चांगल्या ओढ्यातले किडे गोट्यांच्या टोपल्यांतून आणून सोडले. विरजण लावल्यासारखं. तुमच्याकडे वरची जागा अजून जिवंत असेल तर तुम्ही आमच्यापेक्षा श्रीमंत आहात.

---

कृष्णाकाठची | ७ जानेवारी, दुपारी १.००

बाप रे, टायर. आता पहिल्या पावसाचा तो मातीचा वास घेतानाही हे आठवणार.

---

जुना_उपअभियंता | ७ जानेवारी, सायंकाळी ६.४५

निवृत्त झालोय, त्यामुळे थोडं मोकळं लिहितो.

सगळे पाण्याच्या गुणवत्तेवर बोलताय, पण पाणलोट म्हणजे नुसतं पाणी नव्हे. पाणी जिथून गोळा होतं ती सगळी जमीन. तुमची टेकडी, रस्ते, पार्किंग, गच्च्या. १९९४ मध्ये अमेरिकेत मांडलेला एक ठोकताळा आहे: पाणलोटाचा साधारण १० टक्के भाग डांबर-सिमेंटखाली गेला की ओढ्याची तब्येत ढासळायला लागते, २५ टक्क्यांपुढे तो सावरणं फार अवघड. तंतोतंत आपल्याकडे लागू होईल असं नाही, पण दिशा तीच. पूर्वी पडलेला पाऊस टेकडीत मुरून महिनाभर झिरपायचा. आता वीस मिनिटांत ओढ्यात येतो. पूर मोठा आणि झरा छोटा, ही एकाच दुखण्याची दोन टोकं.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुण्यात कोणी विसरलेलं नाही. आंबिल ओढा. कात्रजच्या डोंगरातून येणारा एवढासा ओढा, पण त्याने अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पुलापर्यंत हाहाकार केला. दुसऱ्या दिवशी सगळे ढगफुटी-ढगफुटी म्हणत होते. मी भिंती बघत होतो. ओढ्याचं पात्र भिंतींच्या आणि भरावाच्या मध्ये आवळून ठेवलेलं, कल्व्हर्टच्या (रस्त्याखालच्या मोरीच्या) तोंडाशी राडारोडा.

म्हणून ओढेकर, तुमच्या यादीत दोन गोष्टी घाला. एक, एक पट्टी. कल्व्हर्टच्या खांबावर रंगाने सेंटीमीटर आखून घ्या आणि पावसात समोरच्या खिडकीतल्या कुणाला तरी दर दहा मिनिटांनी फोटो काढायला सांगा. शेजारी एक पर्जन्यमापक ठेवा. पाऊस सुरू झाल्यापासून पाणी चढेपर्यंत किती वेळ गेला, हा ओढ्याचा रक्तदाब. दरवर्षी तो वेळ कमी होत असेल तर वर कुठेतरी टेकडी फुटतेय. आणि तुमची बाकडी निळ्या पूररेषेच्या, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या आत बसत असतील तर ती मुळेत सापडतील.

दोन, महत्त्वाचं. उन्हाळ्यात, सलग तीन दिवस पाऊस नसताना, ओढ्याच्या काठाने चालत जा आणि पावसाळी गटारांची तोंडं मोजा. पावसाळी गटार त्या दिवशी ठणठणीत कोरडं पाहिजे. त्यातून पाणी येत असेल तर ते चोरीचं पाणी. एवढी साधी चाचणी आहे. शहरात जायकाच्या (जपानी सहकार्य संस्थेच्या) कर्जातून ११ मैलाशुद्धीकरण केंद्रं होतायत, एकूण ३९६ एमएलडीची (एमएलडी म्हणजे रोज दहा लाख लिटर). चांगलंच आहे. पण जे पाणी मैलावाहिनीत शिरतच नाही, पावसाळी गटारातून थेट ओढ्यात जातं, ते त्या केंद्रापर्यंत पोचणार कसं? आणि अधिकृत तपासणीची ठिकाणं मोठ्या नदीवर असतात. असल्या बिननावाच्या ओढ्यावर तुमच्याशिवाय कोणी मोजायला येणार नाही.

एक गोष्ट कडू लागेल. तुमचे आकडे कोर्टात टिकणार नाहीत. टिकायची गरजही नाही. कुठे बघायचं एवढं त्यांनी सांगितलं की मान्यताप्राप्त लॅबचा एकच नमुना योग्य जागी, योग्य वेळी घेता येतो.

---

मिठीकाठचा | ७ जानेवारी, रात्री १०.१०

भिंतींबद्दल +१००. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला आणि मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं की मिठी ही नदी आहे. त्यानंतर काय वाढलं? भिंती. पात्र खोल केलं, रुंद केलं, बांधून काढलं. पाणी अजून काळंच. कारण मोजली गेली ती नदीची पाणी वाहून नेण्याची क्षमता. जे मोजलं तेच सुधारलं.

---

सीएसआरवाली | ८ जानेवारी, सकाळी १०.३०

मी या टेबलाच्या पलीकडे बसते (तुमच्या कंपनीत नाही, काळजी नसावी). आमच्या बाजूने सांगते.

आम्हाला बाकडी आवडतात असं नाही. ३१ मार्च दिसतो, म्हणून बाकडी. ती तीन आठवड्यांत बसतात आणि फोटो येतो. पण कायद्यात 'चालू प्रकल्प' असा एक रस्ता आहे. संचालक मंडळाने तसा ठराव केला तर न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात टाकून पुढची तीन आर्थिक वर्षं वापरता येते. म्हणजे 'यंदा तपासणी, पुढच्या वर्षी दुरुस्ती, तिसऱ्या वर्षी पुन्हा तपासणी' हे कागदावर शक्य आहे. फक्त प्रस्ताव तसा लिहावा लागतो, आणि तो फेब्रुवारीच्या आत हवा.

दुसरं, मोठ्या कंपन्यांना १ कोटीवरच्या प्रकल्पांसाठी परिणामांचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. आधीचे आकडेच नसतील तर परिणाम दाखवणार कशाच्या तुलनेत? तुमच्याकडे वर्षभराची वही आहे. ती फुकट देऊ नका, प्रस्तावाचं पहिलं परिशिष्ट करा. भाषणात मात्र 'पाणलोटाचं आरोग्य' वगैरे शब्द नकोत, अभ्रकताईंची पांढरी बाटली टेबलावर ठेवा.

---

वेदवती | ८ जानेवारी, दुपारी १२.००

ओढेकर, फेसाचा छडा लावायची घरगुती युक्ती. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून साबणाच्या पावडरीत एक चमक आणणारं द्रव्य घालतात. ते कापसाला चिकटतं आणि अतिनील दिव्याखाली निळसर चमकतं. औषधाच्या दुकानातून कापूस आणा, आधी दिव्याखाली धरून बघा, तो स्वतःच चमकत असेल तर बाद. लसणाच्या जाळीत भरा, प्रत्येक संशयित नळीच्या तोंडाशी दगड बांधून पाच-सहा दिवस लटकवा. मग धुवून, वाळवून, अंधारात बघा. दिवा म्हणजे किराणा दुकानात नोटा तपासायला असतो तोच. जिथे कपडे धुतलेलं पाणी येतं तिथला कापूस उजळतो. वस्तीच्या नळीलाही लावा आणि तुमच्या बाजूच्या नळ्यांनाही. सगळ्या.

---

पाषाणकर७२ | ८ जानेवारी, दुपारी १२.३५

मुलगी हुशार आहे.

---

ओढेकर | २ फेब्रुवारी, रात्री ९.१५

धागा वर काढतोय.

आधी चांगली बातमी. सगळ्यात वरच्या जागेवर गोटे चाळवले. जाळीत एक खेकड्याचं पिल्लू, टाचणीच्या (चतुरासारख्या बारीक किड्याच्या) अळ्या आणि खड्यांच्या घरातल्या तीन कॅडिस. घाटावरच्या माशा, तुला फोटो पाठवलाय, ओळख बरोबर आहे का सांगा. चौथ्या जागेवर फक्त लाल अळ्या, ताटात कुंकू सांडल्यासारख्या.

मग काठाने चाललो. आमच्या सहा जागांच्या दरम्यान पावसाळी गटारांची अकरा तोंडं आहेत. जानेवारीत, पावसाचा टिपूस नसताना, पाच वाहत होती. उपअभियंता साहेब, दंडवत. अकराही ठिकाणी कापूस लावला. सहाव्या दिवशी काढला, वाळवला, आणि रात्री माझ्या स्वयंपाकघरात दिवे बंद करून वाण्याकडून उसना आणलेला दिवा लावला.

वस्तीच्या नळीचा कापूस किंचित उजळला. तीन कापूस मात्र दिवाळीच्या आकाशकंदिलासारखे पेटले. त्यातला सगळ्यात तेजस्वी कुठला, ते वेदवतीताईंना न सांगताही कळलं असेल. आमच्या बी विंगचा. बिल्डरने ड्राय बाल्कनीचं पाणी पावसाळी पाइपला जोडून दिलेलं आहे. तिथेच सगळ्यांची वॉशिंग मशीन. सकाळी नऊ ते अकरा. अकरा मजले, मजल्यावर चार फ्लॅट, माझाही त्यातच.

वर्षभर मी दर दुसऱ्या रविवारी जो फेस वहीत लिहीत होतो त्यात माझ्या बनियनांचाही वाटा होता.

प्लंबरला बोलावलं होतं. तो म्हणतो, खालच्या चेंबरपाशी पाइप तोडून ड्रेनेजला जोडायचा, दोन दिवसांचं काम. पण मग पावसाचं पाणीही ड्रेनेजमध्ये जाईल, म्हणून गच्चीचं पाणी वेगळ्या पाइपने खाली आणावं लागेल, आणि ते आणलंच तर बोअरमध्ये मुरवता येईल. खर्चाचा आकडा बाकड्यांच्या निम्म्याहून कमी आहे. सीएसआरवाल्या ताईंच्या सल्ल्याने प्रस्ताव पुन्हा लिहिला: तीन वर्षं, पहिल्या वर्षी पाच वाहत्या तोंडांचा बंदोबस्त आणि मोजमाप, तराफे रद्द, बांबू रद्द, वरच्या जागेला हात लावायचा नाही. बाकडी दोन ठेवली आहेत. काकांना बसायला.

कंपनीचं उत्तर यायचंय. त्याआधी रविवारी सोसायटीची सभा आहे. खजिनदार बी विंगमध्येच राहतात आणि त्यांनी आत्ताच विचारलंय की वस्तीचं काय ते आधी बघा ना. कापूस आणि दिवा दोन्ही सभेला नेतोय. क्लब हाऊसचे पडदे जाड आहेत का ते बघून आलो, अंधार होतो.